चरबी वर तरंगते, मूलपेशी तळाशी बसतात

प्रश्न : लायपोसक्शनमध्ये काढलेल्या चरबीतून मूलपेशी वेगळ्या करतात, म्हणजे नेमके काय करतात?

उत्तर : मूलपेशी चरबीच्या फुगीर पेशींमध्ये नसतात. त्या तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांना बिलगून असतात, म्हणून त्यांना धरून ठेवणारे कोलॅजन या प्रथिनाचे जाळे तोडावे लागते. खालचे पाणी नितळ दिसेपर्यंत चरबी क्षारद्रावणाने धुतात. इथे घाई नको, कारण उरलेले भुलीचे औषध पेशींना मारक ठरते. मग जवळपास तेवढेच कोलॅजन तोडणाऱ्या कोलॅजनेज या विकराचे (एन्झाइमचे) ०.०७५ टक्के द्रावण घालून ३७ अंश सेल्सिअसला अर्धा तास हलवत ठेवतात. सीरम मिसळलेले माध्यम घालून ही क्रिया थांबवतात आणि गुरुत्वाकर्षणाच्या १,२०० पट (१,२०० जी) जोराने १० मिनिटे सेंट्रिफ्यूज करतात. तेल आणि चरबीच्या पेशी वर येतात, कामाचा गाळ तळाशी बसतो. त्यातल्या तांबड्या पेशी अमोनियम क्लोराइडने फोडून बाकीचे १०० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून घेतात.

बिघडते ते बहुधा कोलॅजनेजपाशी. त्याला कॅल्शियम लागते. धुण्याच्या द्रावणात ईडीटीए हे रसायन असेल तर ते कॅल्शियम बांधून टाकते आणि गुठळ्या तशाच राहतात. शिवाय प्रत्येक बॅचची तीव्रता वेगळी, त्यामुळे नवी बाटली उघडली की आधी थोड्या चरबीवर वेळ ठरवावा. गुठळ्या दिसतात म्हणून तासन्‌तास ठेवले तर पेशींच्या आवरणावरची प्रथिनेही कुरतडली जातात.

प्रश्न : हा गाळ म्हणजेच मूलपेशी का?

उत्तर : नाही, आणि गोंधळ इथेच होतो. गाळात रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी, मॅक्रोफेज, लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशी असा सगळा गोतावळा असतो. तो प्लास्टिकच्या थाळीत ठेवून दुसऱ्या दिवशी धुतला की ज्या चिकटून राहतात त्या वाढवायच्या. पुढे त्यांच्यावर सीडी ७३, ९० आणि १०५ या खुणा (पेशी ओळखायला उपयोगी पडणारी पृष्ठभागावरची प्रथिने) हव्यात, सीडी ४५ आणि ३१ नकोत. त्यांच्यापासून हाड, कूर्चा आणि चरबी तयार होते, हेही दाखवावे लागते. २००१ मध्ये संशोधक पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी हा स्रोत पुढे आणला. अस्थिमज्जेपेक्षा इथे अशा पेशी कितीतरी जास्त मिळतात, म्हणून त्याचे आकर्षण.

प्रश्न : गुडघा, डोळे, केस, सगळ्यांवर चरबीतल्या या पेशींचे इंजेक्शन चालते, असे सांगतात. खरे का?

उत्तर : असे सांगणाऱ्यापासून दूर राहा. फ्लोरिडात डोळ्यात असे इंजेक्शन घेतलेल्या तीन स्त्रियांची दृष्टी गेल्याची नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसरीकडे, क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजारातील गुदद्वाराजवळच्या भगंदरासाठी डार्व्हाडस्ट्रोसेल हे दात्याच्या चरबीतल्या १२ कोटी पेशींचे औषध युरोपात २०१८ मध्ये मंजूर झाले. पण पुढच्या मोठ्या चाचणीत फायदा सिद्ध झाला नाही आणि २०२४ मध्ये ते मागे घेतले गेले. नियमांत बसवलेल्या औषधाची ही गत! तेव्हा कोणी इंजेक्शन सुचवलेच तर आधी विचारा : गाळ देणार की वाढवलेल्या पेशी? किती? त्यांतल्या जिवंत किती? निर्जंतुकतेची चाचणी झाली का? याच आजारावरची नोंदणीकृत चाचणी आहे का, आणि असल्यास पैसे रुग्णाकडूनच का घेता?