नवी मुंबईतल्या बेलापूरला आमच्या अंगणात गोल्डफिशचं छोटं तळं आहे. त्याची वर्षभर निगा कशी राखावी? व्हिडिओंत सांगतात तसा हिवाळ्यात हीटर लागतो का?

हीटर अजिबात घेऊ नका. आपल्याकडे पारा पंधरा-सोळावर उतरला की पेपरात बातमी येते, आणि तेवढ्या गारव्यात गोल्डफिश उलट खुशीत असतात. तुम्ही पाहिलेले व्हिडिओ बर्फ पडणाऱ्या मुलखातले असणार. तिथलं तळं हिवाळ्यात झोपी जातं, म्हणून त्यांची सगळी धावपळ थंडीच्या आधीची. बेलापूरचं तळं बारा महिने जागं असतं. ते बिघडतं मे अखेर ते पहिल्या पावसात. तेवढे दिवस सांभाळलेत तर बाकी वर्ष फारसा त्रास देत नाही. (माझं तळं ठाण्यात, वाघबीळला. हवा तीच, फक्त खाडी थोडी लांब.)

तुमचं तळं आठ बाय पाच फूट आणि दोन फूट खोल, म्हणजे साधारण सव्वादोन हजार लिटर पाणी. मे महिन्यात एवढंसं पाणी दुपारी चांगलं कोमट होतं. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, बत्तीस अंशांना सव्वासात. इकडे माशांची भूक आणि श्वास उन्हाळ्यात वाढलेला. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं आणि रात्री तेच तो ओढून घेतं. म्हणून मासे तडफडतात ते पहाटे, भर दुपारी नव्हे. आणि लोक काय करतात, तर कारंजं दिवसा शोभेला चालू ठेवतात आणि रात्री झोपताना बंद करतात! एकच वेळ निवडायची असेल तर रात्रीची निवडा. तासाला हजार-बाराशे लिटर फिरवणारा पंप तुम्हाला पुरे.

पहिल्या पावसाचं लोकांच्या लक्षात येत नाही. गार पाणी वरून पडलं की तळाशी साचलेला गाळ ढवळून वर येतो आणि कुजायला प्राणवायू खातो. त्यात दोन-तीन दिवस ढग राहिले की शेवाळाचं दिवसाचं काम बंद, रात्रीचं चालूच. सकाळी मासे पृष्ठभागावर तोंडं उघडून उभे दिसतात. ‘पावसाचं पाणी बाधलं’ म्हणतात, पण खरा दोष वर्षभराच्या गाळाचा असतो. तेव्हा मेच्या पहिल्या पंधरवड्यात निम्मा गाळ नळीने ओढून काढा आणि झाडांना घाला, उत्तम खत आहे. सगळा काढू नका आणि तळं घासून लख्ख तर मुळीच करू नका. माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच बुळबुळीत थरात राहतात. फिल्टरचा स्पंजही नळाखाली न धुता तळ्याच्याच पाण्याच्या बादलीत पिळा, नाहीतर क्लोरीन त्यांना मारतं. ढगाळ दिवसांत माशांना खाणं देऊ नका. दोन दिवस उपाशी राहून काही बिघडत नाही.

सावलीसाठी निम्म्याहून जास्त पृष्ठभाग पानांनी झाका. कुमुदिनी उत्तम, पण तिला पाच-सहा तास ऊन हवं. ते नसेल तर कडेला वेखंड आणि कर्दळ लावा आणि दुपारपुरती हिरवी शेडनेट बांधा. जवळच्या तलावातून कुणी जलपर्णी आणून दिली तर हात जोडून परत करा. मार्च ते मे सोनमोहराच्या पाकळ्यांचा सडा पडतो, दिसायला सुंदर, पण तो रोज जाळीने उचलावा लागतो.

पाणी घटतंय म्हणून गळतीची शंका तुम्ही लिहिली आहे. मेमध्ये आठवड्याला चार-पाच सेंटिमीटर पाणी नुसतं उडून जातं, म्हणजे तुमच्या तळ्यातून जवळजवळ दोनशे लिटरचं पिंप. त्याहून बरंच जास्त घटत असेल तर बादली भरून तळ्याच्या पायरीवर ठेवा, आतबाहेर पातळीची खूण करा आणि दोन दिवसांनी पाहा. पंप तेवढा वेळ बंद ठेवा, मात्र मासे तोंड वर काढताना दिसले तर लगेच सुरू करा. बाहेरची पातळी जास्त उतरली तर गळती आहे. सिमेंट फोडत बसण्यापेक्षा शेततळ्याला वापरतात तो पाचशे मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरा. शेतीसाहित्याच्या दुकानात मिळतो.

भर घालताना नळाचं पाणी आदल्या रात्री उघड्या पिंपात भरून ठेवा, क्लोरीन उडून जातो. बोअरचं पाणी आधी चाखून बघा. खाडीजवळच्या पट्ट्यात ते मचूळ निघतं आणि कुमुदिनीला सोसत नाही.

पावसाळ्यात काळजी पातळीची. दिवसात दोनशे मिलिमीटर पाऊस झाला तर तुमच्या तळ्यावर थेट साडेसातशे लिटर पाणी पडतं, तळ्याच्या एक तृतीयांश. काठ जमिनीपेक्षा चार-सहा इंच वर हवा, म्हणजे अंगणातला चिखल आत वाहत येणार नाही. जादा पाणी बाहेर जायला कडेला दोन इंची पाइप जाळी लावून सोडा, नाहीतर मासे थेट गटारात. छपराची पन्हळ तळ्यात सोडू नका. पावसाचं पाणी मृदू असतं, त्यात आम्लता झपकन वाढते. फिल्टरमध्ये शिंपल्यांची एक पिशवी ठेवली की ती सावरते. गढूळ झालं म्हणून तुरटी फिरवायचा मोह होईल, पण तुरटीने आम्लता आणखी वाढते. पंपाच्या लाइनला आरसीसीबी (वीज गळली की लाइन आपोआप तोडणारा स्विच) असलाच पाहिजे, यात काटकसर नको. बेडूक आपणहून येतील, त्यांच्या मागे एखादी पाणदिवडही. ती चावरी असली तरी बिनविषारी आहे. रस्ता मोकळा ठेवा, जाते.

डासांवरून शेजारी कुरकुर करतात म्हणता. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडा-दहा दिवस आणि साचलेलं पाणी लागतं. फिरत्या पाण्यात गप्पी मासे असले की तळ्यात त्याला थारा नाही. कुंड्यांखालच्या ताटल्या आणि गच्चीवरचं टायर मात्र तपासा, बहुतेकदा डास तिथेच सापडतात. पालिकेची माणसं आली तर मासे दाखवा. गल्लीत धूरफवारणी होणार असेल तर त्याआधी तळ्यावर प्लास्टिक ओढा आणि कारंजं व हवेचा पंप अर्धा तास बंद ठेवा. त्या धुरातली पायरेथ्रॉइड वर्गातली औषधं माशांना फार घातक असतात. हे कुणी सांगत नाही.

ऑक्टोबरमध्ये पाणी पुन्हा हिरवं होईल, तेव्हा शेडनेट परत लावा, बस. हिवाळ्यात काही नाही. वर धुळीचा तवंग येतो, तो जुन्या वर्तमानपत्राच्या पानाने उचलता येतो. होळीच्या सुमारास कुमुदिनीचे कंद वेगळे करून नुसत्या चिकणमातीत लावा. कोकोपीट घातलंत तर ते तरंगत वर येईल.

शेवटचं विचारलंत ते, घरच्या गणपतीचं विसर्जन याच तळ्यात करावं का. नको. शाडूची बारीक माती माशांच्या कल्ल्यांत बसते आणि रंगाचा भरवसा नाही. तळ्याच्या काठावरच मोठ्या बादलीत करा. मूर्ती विरघळली की वरचं पाणी झाडांना घाला आणि खाली बसलेली माती वाळवून मूर्तिकाराला द्या. बरेच जण पुढच्या वर्षासाठी घेतात.