हृदयातील गाठ कसली आहे, हे तुकडा न काढता कळू शकते का?

आईंच्या इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डाव्या अलिंदात (हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात) गाठ दिसली असून, तपासणीसाठी तुकडा न काढता थेट एमआरआय का सांगितला, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापुरात रेडिओलॉजिस्ट आहे; मात्र आईंची चित्रे मी पाहिलेली नसल्याने हे उत्तर तपासणीच्या पद्धतीपुरतेच समजावे.

मानेतल्या गाठीत सुई घालतात तशी हृदयाच्या डाव्या बाजूच्या गाठीत सहसा घालत नाहीत, कारण तिचा सुटलेला कण रक्ताबरोबर मेंदूत जाऊन अडकू शकतो. म्हणून गाठ कुठे चिकटली आहे, कशी हलते आणि तिच्यात रक्त खेळते का, यांवरूनच अंदाज बांधावा लागतो. पहिल्या दोन गोष्टी इको उत्तम दाखवतो. प्रौढांच्या हृदयातच उगवणाऱ्या गाठींत मिक्सोमा ही साधी, म्हणजे कर्करोग नसलेली गाठ सर्वाधिक आढळते. त्यांपैकी सुमारे ७५ टक्के डाव्या अलिंदात, बहुधा दोन अलिंदांमधल्या पडद्याला देठाने लोंबत असतात. स्क्रीनवर देठ जागचा हलत नाही आणि गाठ मात्र दर ठोक्याला, घंटेच्या लोलकासारखी, अलिंदाखालच्या मायट्रल झडपेत उतरून परत वर येते.

खरी पंचाईत होते ती गाठ आणि रक्ताची गुठळी यांत, कारण गुठळीला बहुधा रक्त पातळ करणारी औषधे देतात, तर मिक्सोमा शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. इथे एमआरआय उपयोगी पडतो. गॅडोलिनियम हे रक्त पोचते तो भाग चित्रात उजळवणारे औषध शिरेतून दिल्यावर रक्तवाहिन्या नसलेली गुठळी काळीच राहते, तर मिक्सोमा ठिकठिकाणी उजळतो. चरबीची गाठ असेल, तर चरबीचा सिग्नल दाबताच ती अंधारते. या तपासणीत पुन्हा पुन्हा दहा-पंधरा सेकंद श्वास रोखावा लागतो. तालमीत दम कमावलेला एक पैलवान आमच्या यंत्राच्या बोगद्यात दोन मिनिटेही टिकला नव्हता, तेव्हा आईंना घरीच थोडा सराव करून घ्यावा. गॅडोलिनियम मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंडाचा त्रास असल्यास आधीच सांगावे.

सीटीत गाठीतले कॅल्शियम स्पष्ट दिसते. पेट (PET) स्कॅन, म्हणजे कुठल्या पेशी जास्त साखर वापरतात ते दाखवणारी तपासणी, मुख्यतः कर्करोगाची शंका असल्यास करतात. गाठीचे पक्के नाव शस्त्रक्रियेनंतर पॅथॉलॉजिस्टच देतात.

एमआरआयला जाताना इकोचा नुसता कागद नेऊ नका, हलत्या चित्रांची सीडी मागून घ्या. कागदावर लोलक थांबलेला असतो.