कोंबडीच्या गर्भातले एन्झाइम मोजताना

कोंबडीच्या गर्भावर काम सुरू करतेयस, तर आधी एक सवय लाव: नमुन्यावर नुसतं ‘१४वा दिवस’ लिहायचं नाही. एकाच इनक्युबेटरमधली अंडीही मागेपुढे वाढतात. हॅम्बर्गर-हॅमिल्टन या शास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये मांडलेल्या गर्भवाढीच्या ४६ अवस्थांशी ताडून अवस्था लिही.

खरी गंमत यकृतात आहे. २१ दिवस गर्भ जगतो तो मुख्यतः बलकातल्या चरबीवर, त्यामुळे चरबी बनवणारी फॅटी ॲसिड सिंथेज, मॅलिक एन्झाइम ही मंडळी तेव्हा जवळजवळ झोपलेलीच. पिल्लू बाहेर येऊन पिष्टमय खाद्य खाऊ लागलं की त्यांची पातळी झपाट्याने चढते. उपाशी ठेवलं तर चढत नाही. म्हणून बाहेर आल्यानंतरचं वय पुरेसं नाही, पहिला दाणा खाऊन किती तास झाले तेही टिपून ठेव. न खाल्लेल्या पिल्लांचा गट वेगळा हवाच. (पोटात उरलेला बलक असतो, त्यावर ती सुरुवातीला तग धरतात.)

एन्झाइमची क्रियाशीलता प्रति मिलिग्रॅम प्रथिन आणि अख्ख्या यकृतामागे, अशी दोन्ही मांड. अवयवच वाढत असताना एकटा आकडा हमखास फसवतो. आणि नमुना आधी बर्फात, चहा नंतर.