बाल्सम पॉप्लरच्या सालीचा काढा घेतला तर शुगरची गोळी बंद करता येते का?

तुमचा प्रश्न असा आहे की कॅनडाकडच्या बाल्सम पॉप्लर नावाच्या झाडाच्या सालीनं शुगर जाते आणि कळ्यांच्या मलमानं गुडघे राहतात असा मेसेज आलाय, तर वडिलांना द्यावं का, आणि आपल्या रानात हे झाड लावता येईल का. आधी सरळ सांगून टाकतो, काढा देऊ नका, झाड लावायच्या नादी लागू नका, मलम लावायचंच असेल तर लावा पण जपून. आता का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

माझं अंबाजोगाईत मेडिकल आहे, बी फार्म झालंय, त्यामुळं हा मेसेज तुमच्या आधी माझ्या काउंटरवर येऊन गेलेला आहे. आमचे एक मामा आहेत, म्हणजे नात्यातले नाहीत, पण वीस वर्षांचं गिऱ्हाईक म्हणून मामाच. त्यांचा नातू टोरांटोला असतो. त्यानं दिवाळीला येताना एक पत्र्याची छोटी डबी आणली आणि एका पिशवीत सालीचे वाळलेले तुकडे. मामांनी दोन्ही काचेवर ठेवलं आणि म्हणाले, "हे बग, आता तुझ्या मेटफॉर्मिनचं काम संपलं." मेटफॉर्मिन म्हणजे त्यांची रोजची शुगरची गोळी. मी डबी उघडली. पिवळट तपकिरी मलम, वरून मेणासारखं घट्ट, पण बोट टेकवलं की उबेनं विरघळायलं. वास एकदम मधाच्या पोळ्याचा, मागून थोडा धुपाचा. साबणानं दोनदा हात धुतला तरी बोटाचा चिकटपणा जाईना, रात्री गल्ला मोजताना नोटांना तोच वास.

नावाचा घोळ आधी निस्तरू. मामांच्या मुलानं इथल्या एका नर्सरीत बाल्समचं रोप मागितलं तर त्यांनी तेरडा दिला. त्यांची चूक नाही, बागेतल्या तेरड्याला इंग्रजीत बाल्समच म्हणतात. दुसरा एकजण मला म्हणाला पॉप्लर म्हणजे आपला पारस पिंपळ. तोही नाही, पानं थोडी तशी दिसतात म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात पॉप्युल्निया आलंय एवढंच, झाड भेंडीच्या कुळातलं. आणि तिसरा पॉप्लर म्हणजे पंजाब, हरियाणा, पश्चिम यूपीत शेताच्या बांधानं लावतात तो, प्लायवूडला जातो, तो पॉप्युलस डेल्टॉइडिस. तुम्ही विचारताय तो पॉप्युलस बाल्समिफेरा, अलास्कापासून पार न्यूफाउंडलंडपर्यंत नदीच्या काठानं वाढणारा. पानझडी झाडांत उत्तर अमेरिकेत याच्याइतकं उत्तरेला दुसरं कुठलं जात नाही म्हणतात. बाय द वे, आपण डोकं दुखलं की "बाम द्या" म्हणतो ना, तो बाम शब्दसुद्धा बाल्सममधूनच आलेला.

आता कळी. या झाडाच्या कळ्यांवर हिवाळ्यात चिकट राळ साठते, कळी फुटायच्या आधी थंडी संपता संपता तोडतात, तेलात मुरवतात, मेण घालतात, झालं मलम. मामांच्या डबीत हेच होतं. पोळ्याचा वास येतो तो उगीच नाही, मधमाश्या ही राळ गोळा करून पोळ्यात नेतात आणि फटी बुजवायला वापरतात, त्यालाच प्रोपोलिस म्हणतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मधमाश्यांवर काम करणाऱ्या मार्ला स्पिवाक यांच्या टीमनं बघितलं की माशी दिसेल त्या झाडाची राळ उचलत नाही, निवड करते, आणि त्यांच्या भागात ती निवड जास्त करून पॉप्लरवरच पडते. राळेत जंतू मारायचा गुण असतो म्हणून पोळं निरोगी राहतं. मग माणसांनी ती राळ तपासली नाही तर नवल. कॅनडाच्या क्युबेक प्रांतातल्या शिकुटिमी विद्यापीठातल्या लोकांनी २०१३ साली या कळ्यांतून तीन नवे पदार्थ वेगळे काढले, नाव ठेवलं बाल्साकोन ए, बी, सी, आणि ते स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूवर चालतात हे दाखवलं. हा तोच जंतू, गळू नि पिकलेल्या जखमांतला. म्हणजे तिकडचे जुने लोक जखमेला हे मलम लावायचे त्यात तथ्य होतं. पण काचेच्या बशीत जंतू मरणं आणि शुगरवाल्या माणसाच्या पायाची जखम भरणं यात लई अंतर आहे, शुगरच्या पेशंटनं पायाच्या जखमेला घरचं काहीही लावत बसू नये, थेट डॉक्टर गाठावा. हे मी वेगळं सांगायलोय कारण असले पाय मी काउंटरवरून पाहिलेत, चप्पल काढायला सांगितलं की कळतं.

आता साल, जिच्यावर तुमचा खरा प्रश्न आहे. मेसेजमध्ये "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं" असं लिहिलंय, तर ते कुठून आलं बघा. क्युबेकच्या उत्तरेला जेम्स बेच्या बाजूला क्री नावाच्या मूळ रहिवाशांचा मुलूख आहे, ईयू इस्ची. शिकारीवर आणि रानातल्या खाण्यावर जगणारी माणसं, गेल्या काही पिढ्यांत खाणंपिणं बदललं, बसणं वाढलं, आणि शुगरनं त्यांना गाठलं. (ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडं ज्वारी गेली आणि काय काय आलं ते आठवा.) मॉन्ट्रियल विद्यापीठातले पियर हद्दाद आणि त्यांच्या सोबतचे लोक तिथल्या जाणत्या म्हाताऱ्यांकडं गेले. इथली एक गोष्ट मला फार आवडली, त्यांनी "शुगरवर काय देता" असं विचारलं नाही, कारण शुगर हा आजार त्यांच्या जुन्या औषधांत नव्हताच. त्यांनी पंधरा लक्षणांची यादी केली, म्हणजे सारखी तहान, सारखी लघवी, जखम न भरणं, पायाला मुंग्या, असलं, आणि एकेका लक्षणावर तुम्ही कुठलं झाड देता ते विचारत गेले. जी झाडं पुन्हा पुन्हा आली ती लॅबमध्ये नेली. त्यात बाल्सम पॉप्लरची साल होती.

२०१० साली निघालेल्या पेपरमध्ये असं दिसलं की सालीचा अर्क घातला तर कच्च्या पेशींची चरबीच्या पेशी व्हायची क्रिया थांबते, आणि हे काम करणारा पदार्थ म्हणजे सॅलिकॉर्टिन. मग २०१२ साली उंदरांवर. उंदरांना आठ आठवडे भरपूर चरबीचं खाणं दिलं, काहींच्या खाण्यात अर्क मिसळला, तर अर्क खाणाऱ्या उंदरांचं वजन कमी वाढलं, लिव्हरमधली चरबी कमी राहिली आणि इन्सुलिन नीट काम करायला लागलं. काम चांगलं आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण ते उंदीर काही महिन्यांचे, मुद्दाम जाड केलेले, आणि आमच्या मामांची शुगर पंधरा वर्षांची, वर बीपी, वर एक स्टेंट. उंदराचा डोस माणसाच्या वजनानं गुणून देता येत नसतो. आणि लॅबमधला अर्क मोजून मापून केलेला असतो, तुमच्या पातेल्यात चार तुकडे उकळल्यावर त्यात किती सॅलिकॉर्टिन उतरलं हे कोण मोजणार? कुठल्या महिन्यात काढलेली साल, किती वाळलेली, झाड कोवळं का जुनं, सगळ्यानं फरक पडतो. मेटफॉर्मिनची ५०० ची गोळी ५०० चीच असते, फरक इथं आहे.

सॅलिकॉर्टिन नावातला सॅलि ऐकून तुम्हाला अ‍ॅस्पिरिन आठवलं असेल तर बरोबर आठवलं. पॉप्लर आणि विलो एकाच कुळातले. १८२८ साली म्युनिकमध्ये बुखनर यांनी विलोच्या सालीतून सॅलिसिन (सॅलिकॉर्टिन त्याच्याच घरातलं) वेगळं काढलं, दोनच वर्षांनी फ्रान्सच्या ब्राकोनो यांना ते पॉप्लरच्या सालीतही सापडलं, त्याच्या सोबत पॉप्युलिन नावाचा आणखी एक पदार्थ. त्या धाग्यावर पुढं १८९७ मध्ये बायर कंपनीत हॉफमन यांनी अ‍ॅस्पिरिन बनवलं. आपल्याकडंही या कुळाचं झाड आहे बरं का, नदी-ओढ्याच्या काठचं वाळुंज, तो देशी विलोच. वाळूज एमआयडीसीचा बोर्ड दिसला की मला दरवेळी हे आठवतं आणि दरवेळी बसमधल्या शेजाऱ्याला सांगावंसं वाटतं, कुणी ऐकत नाही.

आणि धोकाही इथंच आहे. सॅलिसिन पोटात गेलं की शेवटी सॅलिसिलिक अ‍ॅसिड होतं. ज्यांना अ‍ॅस्पिरिननं दमा उठतो, अल्सर आहे, किंवा वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल असल्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी हा काढा घेऊच नये. ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी चालू असेल तर सॅलिसिलेट, म्हणजे या अ‍ॅस्पिरिनच्या घरातलं काही, जास्त गेल्यावर शुगर एकदम खाली पडू शकते, घाम, थरथर, चक्कर. उलट बाजूनं, कुणी म्हणेल मग हार्टची अ‍ॅस्पिरिन ७५ बंद करून साल घेऊ, तर तेही चालत नाही, कारण रक्ताच्या गुठळीवर अ‍ॅस्पिरिनचं काम त्यातल्या अ‍ॅसिटिल भागामुळं होतं आणि तो भाग सालीत नाही. अजून एक, पावसाळ्यानंतर आपल्याकडं डेंगू सुरू होतो, तेव्हा तापावर म्हणून हा काढा कुणाला पाजू नका, डेंगूत अ‍ॅस्पिरिनच्या घरातलं काहीच द्यायचं नसतं, रक्तस्राव होऊ शकतो. लहान लेकरांना तर अजिबात नाही.

मलमाचं म्हणाल तर फुटलेल्या टाचा, कोरडी कातडी, दुखरा गुडघा, लावून बघा. फक्त आधी कोपराच्या आतल्या बाजूला इवलंसं लावून दोन दिवस थांबा. पॉप्लरच्या राळेची नि प्रोपोलिसची अ‍ॅलर्जी ही त्वचेच्या डॉक्टरांना चांगली माहीत असलेली गोष्ट आहे, लाल चट्टे येतात, खाज सुटते.

झाड लावायचं तर विसराच. उणे चाळीसच्या थंडीत झोपून उठणारं झाड ते, आपल्या मे महिन्यातल्या बेचाळीसला काय टिकणार, आणि मुळं कायम ओलाव्यात पाहिजेत. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्या भागात आपण हे झाड पोसणार? माझ्या चुलतभावाला एका एजंटनं पॉप्लरची चाळीस रोपं गळ्यात मारली होती, तो पंजाबवाला पॉप्लर, पाच वर्षांनी आम्हीच विकत घेऊ म्हणून. पावसाळ्यात जोरात वाढली, भावानं फोटो टाकले, उन्हाळ्यात विहीर बसली आणि रोपंही बसली. एजंटचा फोन लागत नाही.

गुडघ्यासाठी झाडाचंच काही पाहिजे असेल तर कॅनडाला कशाला जाता, किनवट-माहूरच्या जंगलात सालई आहे. तिच्या डिंकावर नागपूरच्या डॉक्टरांनी गुडघेदुखीच्या ३० पेशंटवर ट्रायल केली होती, २००३ साली छापून आली, खऱ्या आणि खोट्या गोळ्या अदलून बदलून दिल्या, पेशंटला नि डॉक्टरला दोघांना कळू न देता. दुखणं आणि सूज कमी झाली, गुडघा जास्त वाकायला लागला, मात्र एक्स-रेमध्ये फरक नाही. ३० म्हणजे लहानच ट्रायल, पण माणसांवर आहे, उंदरांवर नाही. तेही डॉक्टरांना विचारून, बाकीच्या गोळ्या दाखवून.

मामांना हे सगळं एवढं सांगायला मला तीन चकरा लागल्या. पहिल्या चकरेला ते रागावून गेले, दुसऱ्या वेळी नातवाला व्हिडिओ कॉल लावून माझ्या हातात फोन दिला. नातू हुशार निघाला, म्हणाला मी मलमच आणलं होतं, साल तर दुकानदारानं सोबत दिली. गेल्या आठवड्यात मामा मेटफॉर्मिनची महिन्याची पट्टी न्यायला आले, टाचा दाखवल्या, मलमानं खरंच मऊ पडल्यात. मी विचारलं सालीचं काय केलं? म्हणाले, "तुझ्या मामीनं बंबात घातली. वास बरा आला, पाणीबी तापलं."