भूस्थिर उपग्रहाला जमतं, ते डॉनला का जड गेलं?

प्रश्न : भूस्थिर उपग्रह पृथ्वीच्या एका परिवलनात एकच प्रदक्षिणा घालतो, म्हणजे वर्षानुवर्षं १:१ अनुनादातच असतो. मग व्हेस्टा लघुग्रहाभोवती डॉन यानाला तीच कक्षा धोक्याची का?

उत्तर : १:१ अनुनादात यान कायम त्याच भागावर राहतं, त्यामुळे तिथल्या फुगवट्याची ओढ साठत जाते. ही ओढ पृथ्वीभोवतीही लागते, फक्त मंद. आपलं विषुववृत्त किंचित लांबट आहे, त्यामुळे इंजिन न चालवलेला उपग्रह ७५° पूर्व (साधारण अहिल्यानगरचा रेखांश) किंवा १०५° पश्चिम रेखांशाकडे सरकत जातो. त्याला ठरलेल्या रेखांशावर ठेवायला वर्षाकाठी फार तर दोनेक मीटर प्रतिसेकंद वेगबदल पुरतो.

व्हेस्टा ५.३४ तासांत स्वतःभोवती फिरतो. तिथली १:१ कक्षा केंद्रापासून सुमारे ५४५ किमीवर, म्हणजे त्रिज्येच्या जेमतेम दुप्पट अंतरावर येते. पृथ्वीभोवती हेच अंतर ६.६ पट आहे. त्यात व्हेस्टाच्या विषुववृत्ताचे व्यास ५७३ आणि ५५७ किमी! पृथ्वीवर हा फरक दीडशे मीटरांच्या आसपास आहे.

डॉनला साधारण ९४५ किमी त्रिज्येवरून (फेरी १२ तासांची) ४७५ किमीवर (४.३ तासांची) उतरायचं होतं, १:१ कक्षा मधोमध. आयन इंजिनाचा जोर जास्तीत जास्त ९० मिलिन्यूटन, म्हणजे दोन ए-फोर कागदांच्या वजनाएवढा. त्यामुळे ओलांडणं संथ, आणि खरी गोम तिथेच. यानाच्या पुढे फुगवटा सापडला की तो यानाला पुढे खेचतो. इंजिन जेवढी ऊर्जा काढून घेतं, तेवढी तो परत देतो. झेनॉन (आयन इंजिनाचं इंधन) खर्च होत राहतं, उंची मात्र तिथेच. शिवाय कक्षा लंबवर्तुळाकार होते, तिचा कलही बदलतो. म्हणून आधी वरच्या कक्षेतून डॉप्लर मोजमापांवरून (यानाच्या रेडिओ लहरींच्या बदलत्या वारंवारतेवरून कळणाऱ्या वेगावरून) गुरुत्वाचा नकाशा पक्का करायचा, वेगवेगळ्या क्षणी ओलांडून पाहणारी असंख्य गणितं चालवायची आणि वाटेत इंजिन थांबवून कक्षा पुन्हा मोजायची. १२ डिसेंबर २०११ रोजी डॉन खालच्या कक्षेत पोचलं.

प्रश्न : निअर शूमेकर यान इरोस लघुग्रहाभोवती त्याच्या परिवलनाच्या उलट्या दिशेने का फिरवलं?

उत्तर : इरोस ३४ किमी लांब आणि जेमतेम ११ किमी रुंद; परिवलन ५.२७ तासांचं. १:१ कक्षा केंद्रापासून १६ किमीवर, म्हणजे जवळजवळ टोकालाच भिडलेली. ३५ किमीवर यानाची फेरी १७ तासांची. सुलट म्हणजे परिवलनाच्याच दिशेने गेलं तर तेच टोक ७.६ तासांनी पुन्हा खालून जातं, उलट दिशेने ४ तासांनी. टोक झपाट्याने सरकून गेलं की धक्के साठत नाहीत, एकमेकांना खोडतात.