कोडेक उतरतच नाही, मग चेहरा दिसणार कसा?

प्रश्न : नमस्कार, मी कोथरूडला राहते, मुलगा म्युनिकला असतो. त्याला जाहिरातवाली अ‍ॅप्स नको असतात म्हणून त्याने आम्हाला एसआयपी (म्हणजे इंटरनेटवरून फोन करायची एक पद्धत) अकाउंट काढून दिलंय आणि कॉलिंगचं एक मोफत सॉफ्टवेअर वापरायला सांगितलंय. लॅपटॉप मुलीचा आहे, हिंजवडीच्या ऑफिसने दिलेला, तिने तिथल्या आयटीवाल्यांना सांगून ते टाकून घेतलं. आवाज खणखणीत येतो पण चित्र काळं. सुरू केलं की विचारतं, ओपनएच२६४ कोडेक डाउनलोड करायचा का, हो म्हटलं की पट्टी जरा सरकते आणि मग इन्स्टॉल झालं नाही असं येतं. तपकीर गल्लीतल्या एका दुकानातल्या मुलाने पेनड्राइव्हमधे कोडेक पॅक दिलाय, पण तो टाकायला गेलं तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतो. काय करू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : काकू, सगळ्यात आधी तो पेनड्राइव्ह बाजूला ठेवा. कोडेक म्हणजे चित्र किंवा आवाज दाबून लहान करून पाठवणारा आणि पलीकडे परत उलगडणारा प्रोग्राम. कोडेक पॅक असतात ते कॉम्प्युटरवर सिनेमे बघायच्या प्लेअरसाठी, कॉलिंगचं सॉफ्टवेअर त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही, त्याला स्वतःची फाइल स्वतःच्या फोल्डरमधे लागते. त्यामुळे पासवर्ड मिळाला असता तरी चित्र काळंच राहिलं असतं, वर कुठून आणलेला पॅक आहे देव जाणे.

आता तुम्ही म्हणाल, कोडेक लागतोच तर सॉफ्टवेअरसोबतच का देत नाहीत? कारण पेटंट. एच.२६४ हे व्हिडिओ दाबायच्या पद्धतीचं २००३ सालचं स्टँडर्ड, त्यावर बऱ्याच कंपन्यांची पेटंट आणि वापरायचं तर रॉयल्टी. २०१३ मधे सिस्को या नेटवर्किंगच्या कंपनीने जाहीर केलं की आम्ही आमचा एच.२६४ चा कोडेक (तोच हा ओपनएच२६४) ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुला, करतो आणि आमच्याकडून जी तयार फाइल जाईल तिची रॉयल्टीही आम्ही भरतो. अट एवढीच की ती फाइल वापरणाऱ्याच्या मशीनवर वेगळी उतरली पाहिजे, दुसऱ्या कोणी आपल्या सॉफ्टवेअरमधे बांधून द्यायची नाही. म्हणून लिनफोनसारखी मोफत सॉफ्टवेअरं आधी तुम्हाला विचारतात आणि मग सिस्कोच्या सर्व्हरवरून ती फाइल आणतात. म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर नीटच बसलंय, अडलंय ते तिथून तुमच्या लॅपटॉपपर्यंतच्या वाटेत कुठेतरी.

आणि ऑफिसचा लॅपटॉप म्हटल्यावर मला तरी पहिला संशय त्याच्यावरच येतो. बाहेरून डीएलएल फाइल (प्रोग्रामचा सुटा भाग, हा कोडेक तसाच येतो) येतेय असं दिसलं की कंपनीचा अँटीव्हायरस किंवा फायरवॉल ती अडवते, कधी सगळं नेट कंपनीच्या व्हीपीएनमधूनच, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कमार्गेच, जातं, कधी फोल्डरमधे लिहायची परवानगीच नसते. एक सोपी परीक्षा घ्या, घरचं वायफाय बंद करून मोबाइलचा हॉटस्पॉट लावा आणि परत हो म्हणा. उतरलं तर दोष घरच्या वायफायचा किंवा त्याच्या राउटरचा, आणि एकदा उतरलं की रोज हॉटस्पॉट लावायची गरज नाही, फाइल तिथेच राहते. नाही उतरलं तर लॅपटॉपच अडवतोय असं धरा आणि तिथे थांबा. अँटीव्हायरस बंद करून बघ वगैरे कोणी सांगेल, स्वतःच्या मशीनवर क्षणभर केलं तर ठीक, ऑफिसच्या मशीनवर अजिबात नको, बोलणी मुलीला बसतील. तिलाच आयटीवाल्यांना सांगू दे, दोन मिनिटांचं काम असतं त्यांचं.

पण खरं सांगू का, तुम्हाला हा कोडेक बहुतेक लागणारच नाही! कॉल लागताना दोन्हीकडची मशीनं आपापल्या कोडेकची यादी एकमेकांना देतात आणि दोघांकडे असलेला एखादा निवडतात. एकही समान नसला की आवाज येतो आणि चित्र येत नाही, तुमचं नेमकं तेच झालेलं दिसतंय, कारण आवाजाचे कोडेक वेगळे असतात. व्हीपी८ नावाचा कोडेक आहे, गुगलने २०१० मधे तो सगळ्यांसाठी मोकळा केला, रॉयल्टी नाही, म्हणून तो सॉफ्टवेअरमधे आधीपासूनच असतो. सेटिंगमधे व्हिडिओच्या भागात कोडेकची यादी दिसेल, तिथे व्हीपी८ चालू आहे का बघा आणि मुलालाही त्याच्याकडे बघायला सांगा. माझा अंदाज, त्याने चित्र चांगलं यावं म्हणून फक्त एच.२६४ ठेवून बाकीचे बंद केलेत, पोरं असले उद्योग करतात. एच.२६४ शिवाय अडतं ते समोर सोसायटीच्या गेटवरचा व्हिडिओ इंटरकॉम किंवा ऑफिसचा व्हिडिओ फोन असला तर, कारण त्यातल्या बऱ्याच जणांना दुसरं काही येतच नाही. मुलाशी बोलायला व्हीपी८ पुष्कळ झाला.

प्रश्न : फायरफॉक्समधे ओपनएच२६४ समोर ‘लवकरच इन्स्टॉल होईल’ असं कायमचं दिसतंय. ब्राउझर काढून परत टाकू का? आणि सिस्कोची फाइल आपण स्वतः उतरवून टाकली तर चालतं का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : काढून परत टाकू नका, तुमचं प्रोफाइल (फायरफॉक्स तुमची सेटिंग्ज ठेवतं ते फोल्डर) तसंच राहतं त्यामुळे फरक पडेलच असं नाही. आधी लॅपटॉपची तारीख आणि वेळ बघा, ती चुकली असली की सुरक्षित साइटशी बोलणंच होत नाही आणि असल्या गोष्टी गुपचूप अडकतात. मग अ‍ॅड-ऑन्समधे प्लगिन्सच्या पानावर जाऊन गिअरच्या मेनूतून अपडेट तपासा. तरी नाही झालं तर फायरफॉक्स पूर्ण बंद करून प्रोफाइलच्या फोल्डरमधलं जीएमपी-जीएमपीओपनएच२६४ (gmp-gmpopenh264) नावाचं फोल्डर असलं तर ते उडवा आणि परत चालू करा, थोडा वेळ द्या त्याला. हाताने फाइल टाकायच्या भानगडीत फायरफॉक्ससाठी पडू नका. दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी करायचंच असेल तर सिस्कोची फाइल बीझेडटू (.bz2, झिपसारखाच प्रकार) मधे बांधलेली येते, सेव्हन-झिपने उघडा, आणि ३२ बिट की ६४ बिट हे विंडोज बघून नाही तर ते सॉफ्टवेअर कुठलं आहे ते बघून ठरवा. आवृत्तीही सॉफ्टवेअरला हवी तीच लागते, नवी मिळाली म्हणून नवीच टाकू नका.