कांचनाबुरीला निघण्याआधी

प्रिय दोस्ता,

बँकॉकच्या मुक्कामातला एक दिवस ‘रिव्हर क्वाय’साठी ठेवायचा आहे, कुठली टूर घेऊ, असं तू विचारलं आहेस. टूर घेऊ नकोस, आणि एका दिवसात हे उरकायलाही जाऊ नकोस. त्या टूर सगळ्या एकाच साच्याच्या असतात: पुलावर वीस मिनिटं, दफनभूमीत दहा, थोडा आगगाडीचा प्रवास, एक धबधबा आणि रात्री परत. हाती फोटो लागतात, पण दुसऱ्या महायुद्धात जपानने युद्धकैदी आणि मजूर राबवून त्या खोऱ्यातून बर्मापर्यंत (आजचा म्यानमार) रेल्वे नेली, तेव्हा तिथं काय घडलं आणि तिथंच का घडलं, ते कळत नाही. निदान तीन रात्री काढ. जमत नसेल तर या खेपेला जाऊच नकोस, पुढच्या वेळी नीट जा.

आधी भूगोल डोक्यात पक्का कर, कारण बहुतेकांचे बेत तिथंच फसतात. कांचनाबुरी शहर बँकॉकच्या पश्चिमेला सुमारे १३० किलोमीटरवर आहे. प्रांत मात्र थेट म्यानमारच्या सीमेला भिडतो आणि आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहूनही मोठा आहे. डोंगरातून दोन नद्या उतरतात, ख्वे याई आणि ख्वे नोई, म्हणजे थोरली आणि धाकटी (ख्वे म्हणजेच आपण म्हणतो ते ‘क्वाय’). शहरापाशी त्यांचा संगम होतो आणि पुढे ती मे क्लोंग. एरावन धबधबा थोरलीच्या खोऱ्यात, तर रेल्वे आणि तिच्यासाठी खडकात कापलेली हेलफायर पास ही खिंड धाकटीच्या. दोन्ही खोऱ्यांमध्ये डोंगर आहे. नकाशावर ही ठिकाणं शेजारी-शेजारी दिसतात, पण एका दिवसात बसने दोन्ही गाठायला गेलास तर दिवसभर रस्त्यावरच राहशील. एका दिवशी एकच खोरं घे.

पहिला दिवस शहरासाठी ठेव, आणि सुरुवात पुलापासून करू नकोस. आधी रेल्वे स्थानकाजवळच्या युद्ध दफनभूमीसमोर असलेल्या थायलंड-बर्मा रेल्वे सेंटर या संग्रहालयात जा. तिथं दोन तास दे. नकाशे, आजारांची माहिती, अन्नाचं प्रमाण, छावण्यांची रचना, सगळं क्रमाने मांडलेलं आहे. जपानला ही रेल्वे का हवी होती, हे तिथं स्पष्ट होतं. बर्मातल्या सैन्याला रसद मलाक्काच्या सामुद्रधुनीतून वळसा घालून जायची आणि त्या वाटेवर दोस्त राष्ट्रांच्या पाणबुड्या टपून असायच्या. म्हणून १९४२ च्या मध्यावर थायलंडमधून आणि बर्मामधून असं दोन्ही टोकांनी काम सुरू झालं. १७ ऑक्टोबर १९४३ ला रूळ एकमेकांना मिळाले. ४१५ किलोमीटर, डोंगर, जंगल आणि मुसळधार पाऊस, आणि वेळ सव्वा वर्षाच्या आसपास. सुमारे ६०,००० युद्धकैदी या कामाला जुंपले होते, त्यातले १२,००० हून अधिक मेले.

हा आकडा सगळीकडे लिहिलेला सापडेल. त्याच्या शेजारचा आकडा तुला मुद्दाम शोधावा लागेल. कैद्यांच्या जवळपास तिप्पट किंवा त्याहूनही जास्त आशियाई मजूर या रेल्वेवर होते: मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमीळ, बर्मी, मलय, जावानीज. कुणाला पगाराचं आमिष दाखवून, तर कुणाला सरळ पकडून आणलं होतं. त्यांच्यात मेले किती, याचे अंदाज ८०,००० ते १,००,००० च्या घरात जातात. कैद्यांच्या छावण्यांत निदान त्यांचे लष्करी डॉक्टर होते, शिस्त होती, पाणी उकळून पिण्याचा आग्रह होता, कोण कधी गेलं याची चोरून ठेवलेली नोंद होती. मजुरांच्या वस्त्यांत यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. १९४३ च्या पावसात पटकी आली तेव्हा वस्त्याच्या वस्त्या उठल्या. नोंदी नाहीत म्हणून नावं नाहीत, आणि नावं नाहीत म्हणून थडगी नाहीत.

हे मनात ठेवून रस्ता ओलांड आणि दफनभूमीत जा. जवळपास ७,००० थडगी आहेत, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि डच. आपल्या पुण्याच्या खडकीतली युद्ध दफनभूमी सांभाळणारा राष्ट्रकुल आयोगच हीही सांभाळतो. नुसतं चक्कर मारून निघू नकोस. एक रांग निवड आणि ती पूर्ण वाच: वय, तारीख, खाली घरच्यांनी लिहिलेली ओळ. तारखा १९४३ च्या मे ते ऑक्टोबरमध्ये कशा दाटत जातात ते बघ, म्हणजे पावसाळ्याचा आणि मृत्यूंचा संबंध कुणी समजावायची गरज उरत नाही. बाहेर पडताना प्रवेशद्वाराच्या इमारतीत थांब. अखंड हिंदुस्थानच्या सैन्यातल्या अकरा जणांची नावं तिथं कोरलेली आहेत. थायलंडमधल्या ज्या मुस्लिम दफनभूमींत त्यांना पुरलं, तिथं थडगी राखणं शक्य नव्हतं, म्हणून नावं इथं. बहुतेक पर्यटक त्यांच्यासमोरून न बघता जातात.

मजुरांसाठी शहरात दोन जागा बघ. पुलाजवळ जपानी रेल्वे अभियंत्यांनी १९४४ मध्ये उभारलेलं स्मारक आहे. त्यावरच्या शिलालेखांत तमीळही आहे. ज्यांनी राबवून मारलं त्यांनीच उभारलेला तो दगड आहे, हे लक्षात घेऊन वाच. दुसरी जागा वाट थावॉर्न वराराम हे देऊळ. त्याच्या आवारात तमीळ मजुरांच्या नावे एक ‘नडुकल’, म्हणजे आपल्याकडचा वीरगळ, अलीकडेच उभारला गेला आहे. वेळ उरला तर सायकल घेऊन चुंगकाईच्या दफनभूमीत जा. ती शहरापासून थोडी दूर, ख्वे नोईच्या काठी आहे. छावणीतलं इस्पितळ जिथं होतं तिथंच थडगी आहेत आणि गर्दी जवळजवळ नसते.

पुलावर संध्याकाळी जा. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ या १९५७ च्या चित्रपटामुळे लोक लाकडी पूल शोधत येतात. लाकडी पूल होता, पण तो खालच्या अंगाला होता आणि आता नाही. आजचा लोखंडी पूल १९४३ चाच आहे, त्याचे सांगाडे जपान्यांनी जावाहून आणले होते. नीट बघ: कमानदार गाळे मूळचे आहेत, मधले दोन सरळ कोनांचे गाळे युद्धानंतर बसवलेले, कारण १९४५ च्या बाँबहल्ल्यांत तेवढा भाग कोसळला होता. पुलावरून चालता येतं. गाडी आली तर धावू नकोस; बाजूला उभं राहायला छोटे सज्जे काढलेले आहेत, आणि गाडी अगदी सावकाश येते.

दुसरा दिवस रेल्वेचा. सकाळी सहाच्या थोडं पुढे कांचनाबुरीहून नाम टोकला जाणारी गाडी असते. तीच पकड. वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी स्थानकावर विचारून ठेव. परदेशी माणसाला तिकीट १०० बाथच्या आसपास पडतं. गाडीला एसी नाही, खिडक्या उघड्या. जाताना डाव्या बाजूला बस. थाम क्रासेला रूळ नदीच्या वर, कड्याला चिकटवलेल्या लाकडी खांबांवरून जातात, आणि नदी डावीकडे आहे. उजव्या बाजूला कडा इतका जवळ येतो की हात बाहेर काढलास तर सोलवटून निघेल. त्या तीनेकशे मीटरमध्ये गाडी चालत्या माणसाच्या वेगाने जाते. फोन ठेव आणि खाली बघ: रुळाला जमीन मिळाली नाही म्हणून हे खांब उभे केले, आणि ते उभे करणारे लोक त्याच नदीच्या काठी राहत होते.

साडेआठच्या सुमारास नाम टोक येतं. आता गाडी इथंच संपते. तिथून साई योक नोई धबधबा दोनेक किलोमीटर. धबधब्यासमोरच्या महामार्गावर (क्रमांक ३२३) सांगखलाबुरीकडे जाणारी बस हात दाखवून थांबव आणि ‘हेलफायर पास’ किंवा ‘चोंग खाओ खाट’ सांग. वीसेक किलोमीटर आहे.

तिथलं संग्रहालय ऑस्ट्रेलियाच्या सरकारने बांधलं, १९९८ मध्ये सुरू झालं. प्रवेश मोफत, ऑडिओ गाइड नक्की घे. मग पायऱ्या उतरून खिंडीत जा. खडक सुमारे २५ मीटर खोल कापलेला आहे. एकाने पहार धरून फिरवायची, दुसऱ्याने घण घालायचा, ठरलेली खोली झाली की सुरुंग, मग दगड हातांनी आणि टोपल्यांनी बाहेर. दिवसाला एक मीटर भोक पाडायचं असं सुरुवातीला ठरलेलं होतं, ते पुढे तीन मीटरपर्यंत वाढवलं गेलं. भिंतीजवळ जाऊन हात लाव. उभ्या अर्धगोल खाचा दिसतील, बोटभर रुंदीच्या, एकीखाली एक. त्या पहारींच्या भोकांच्या उरलेल्या बाजू आहेत. रात्रपाळीला बांबूच्या मशाली आणि जाळ पेटवलेले असायचे, त्या उजेडात वरून दिसणाऱ्या हाडकुळ्या सावल्यांवरून जागेचं नाव पडलं.

खिंडीतून परत फिरायला तास पुरतो. पुढची वाट आणखी काही किलोमीटर जाते आणि मला विचारशील तर तीच खरी बघण्याजोगी आहे, कारण तिथून ख्वे नोईचं खोरं उघडतं आणि इथली चुनखडी किती कठीण व किती तुटक आहे ते कळतं. मात्र कार्यालयात सांगून जा, माणशी दोन लिटर पाणी घे, रुळाखालच्या खडीवर चालायचं असल्याने जाड तळव्याचे बूट घाल. पडलेला खिळा, स्लीपरचा तुकडा, काही उचलू नकोस. ओरडणं, रुळांवर आडवं होऊन फोटो काढणं, हे तर नकोच. परतीच्या बससाठी चारच्या आत रस्त्यावर ये. उशीर झाला तर रिकामी टॅक्सी मिळेल या भरवशावर राहू नकोस, तिथं ती नसते.

तिसरा दिवस एरावनला दे. शहराच्या बसस्थानकावरून सकाळी आठच्या सुमारास सुटणारी पहिली बस पकड, दीड तास लागतो. परदेशी प्रौढाला प्रवेश ३०० बाथ. सात टप्पे आहेत आणि लोक पहिल्या तीन टप्प्यांतच पाण्यात उतरून दुपार घालवतात. तू उलटं कर: आधी थेट सातव्यावर जा, पोहत-पोहत खाली ये. वरचे टप्पे दुपारनंतर बंद करत आणतात, त्यामुळे खाली रमलास तर वरचं हुकतं. दुसऱ्या टप्प्याच्या पुढे खाणं नेता येत नाही, पाण्याच्या बाटलीला अनामत रक्कम ठेवावी लागते, पोहायला लाइफ जॅकेट भाड्याने मिळतं. बॅग उघडी ठेवू नकोस, माकडं चेन उघडायला शिकलेली आहेत. डोहातले मासे पायांना चावे घेतात, पाय हलवत राहिलं की जवळ येत नाहीत. परतीची शेवटची बस चारच्या सुमारास, म्हणून तीनलाच उतरायला लाग.

पाण्याचा तो निळा-हिरवा रंग चुनखडीचा. डोंगरातून झिरपताना पाणी चुना विरघळवून आणतं आणि कड्यांवर पुन्हा जमवत जातं, त्यातूनच हे टप्पे तयार झाले. हेलफायर पासचा खडकही चुनखडीचाच. साई योकच्या चुनखडीच्या गुहांत जगातलं सर्वांत लहान वटवाघूळ राहतं, वजन दोन ग्रॅम. त्याचं शास्त्रीय वर्णन १९७४ मध्ये झालं. म्हणून तिथं ‘एक दिवस इतिहास, एक दिवस निसर्ग’ अशी वाटणी मनात करू नकोस. डोंगर, पाऊस आणि नदी यांनीच रेल्वेची वाट ठरवली, यांनीच माणसं मारली, आणि यांच्यामुळेच तुला धबधबा दिसणार आहे.

चौथा दिवस असेल तर था किलेन स्थानकाजवळ प्रासात मुआंग सिंग हे ख्मेर देवालय आहे, जांभ्या दगडात बांधलेलं, अवलोकितेश्वराची मूर्ती असलेलं. जवळच बान काओचं संग्रहालय. तिथल्या अश्मयुगीन वस्तीचा पहिला माग एका डच युद्धकैद्याला रेल्वेवर राबताना लागला. तो मूळचा पुरातत्त्वज्ञ होता.

नोव्हेंबर ते जानेवारी सर्वांत चांगला काळ: हवा थंड, धबधब्यांना पाणी. मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, शेतं जाळल्याचा धूर असतो आणि साई योक नोई पार आटतो. पावसाळ्यात खोरं सुंदर दिसतं, पण एरावनचे वरचे टप्पे पाणी वाढलं की बंद करतात.

बँकॉकहून येताना रेल्वे हवी असेल तर ती थोनबुरी स्थानकावरून सुटते. मुख्य मोठ्या स्थानकावर जाऊन बसणारे रोज गाडी चुकवतात. नाहीतर दक्षिणेच्या बसस्थानकावरून, साई ताय माय म्हणतात त्याला, व्हॅन मिळते, सव्वादोन-अडीच तास. व्हिसाचे नियम तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर तपास. डिजिटल आगमन पत्र विमान उतरण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं आहे आणि ते मोफत आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं बनावट. मोटारसायकल घेणार असशील तर आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून ने, त्याशिवाय अपघात झाला तर विमा हात वर करतो.

शाकाहारी असशील तर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेलं दुकान शोध. तिथं मांस, मासळीचा रस, काहीच नसतं. इतरत्र नुसतं ‘भाजी’ म्हटलंस तर माशाचं पाणी पडणारच, म्हणून ‘माय साय नाम प्ला’ आधीच सांग. तराफ्यावरचं राहणं छान, पण शहराजवळच्या तराफ्यांवर शनिवारी रात्री उशिरापर्यंत कराओके चालतं. साई योककडचे तराफे शांत.

सांगखलाबुरीचा मोह होईल: लांब लाकडी मोन पूल, बुडालेलं देऊळ, सीमेवरची तीन पॅगोडांची खिंड. रूळ जिथं मिळाले ते कोनकोइता आता तिथल्या धरणाच्या पाण्याखाली आहे. सांगखलाबुरी कांचनाबुरी शहरापासून २०० हून जास्त किलोमीटर, घाटाचा रस्ता, चार तास. निदान एक रात्र असेल तरच जा. सीमा ओलांडता येईल असं धरून चालू नकोस. आणि परतीचं विमान ज्या दिवशी असेल त्या दिवशी सकाळी तिथून निघू नकोस. आदल्या रात्री बँकॉकला पोचलेला बरा.

सस्नेह